गाडी ड्रायव्हर चालवतो, पण माल आपण भरतो



या पानावर मी एरवी छाटणी, फवारणी, चाळ आणि भाव यांच्याबद्दल लिहितो. आज ट्रकबद्दल लिहितोय. काही जण म्हणतील, शेतकऱ्याला ट्रकचं काय पडलंय, ते हुंडेकरी आणि ड्रायव्हर बघून घेतील. वर्षभरापूर्वीपर्यंत मीही हेच म्हणायचो. मत का बदललं ते सांगतो. त्यात माझी चूक आहे, तीही सांगतो.

मागच्या श्रावणातली गोष्ट. आमच्या पाच जणांच्या गटानं चाळीतला उन्हाळ कांदा एकत्र करून वाशीला पाठवायचं ठरवलं. दहा टायरी गाडी बोलावली. आरसी बुकावर गाडीचं मालासकट वजन २५ टन. रिकामी गाडी साधारण ९ टनांची, म्हणजे माल बसतो १६ टन. पन्नास किलोच्या ३२० गोण्या. हिशेब सरळ होता. दुपारी गाडी भरायला घेतली, मधे दोनदा पावसाची सर येऊन गेली. दिवस मावळता ३२० गोण्या आत गेल्या आणि माल हौद्याच्या वरच्या फळीला लागला. खळ्यावर माझ्याच चाळीतल्या ४० गोण्या उरल्या.

मीच म्हणालो, "टाका ना वर. चाळीस गोण्यांसाठी दुसरी गाडी कुठं बघायची?"

ड्रायव्हरला आम्ही सगळे मामा म्हणतो. मामा म्हणाले, "भाऊ, फळीच्या वर गेलेला माल घाटात ऐकत नाही."

मी म्हणालो, "मामा, वीस वर्षं गाडी चालवताय, काय घाबरता?" बाकीचेही हसले. माणूस गप्प बसला. भाडं आम्ही देणार, पुढचं भाडंही आमच्याकडूनच मिळणार, तो किती बोलणार?

४० गोण्या वर चढल्या. हमालांना दुसऱ्या खळ्यावर जायची घाई होती. दोर तीन ठिकाणी आडवा टाकला, वरून ताडपत्री ओढली, ताडपत्रीला सुतळी मारली. झाली गाडी तयार. मी दोर हलवूनही बघितला नाही.

पहाटे इगतपुरी सोडून गाडी कसारा घाट उतरायला लागली. धुकं आणि रिमझिम. पुढच्या गाडीनं अचानक ब्रेक मारला, मामांनीही मारला, आणि लगेच पुढं वळण. वरचा थर आधी पुढं सरकला आणि वळणावर डावीकडं गेला. मामा सांगतात, मागून कुणीतरी गाडीला ढुशी मारल्यासारखं झालं. गाडी पलटी झाली नाही, ही त्यांची हुशारी. पहिल्या गिअरमध्ये, डाव्या अंगाला झुकलेली गाडी त्यांनी घाटाच्या खाली आणली आणि सपाटीला बाजूला लावली.

खरा घात तिथं झाला. माल नीट करावा म्हणून त्यांनी डावीकडचा दोर सोडला. सरकलेला सगळा माल त्या एका दोरावर तोललेला होता. दोर सुटला आणि गोण्या अंगावर आल्या. खांद्याचं हाड मोडलं, दोन बरगड्यांना मार लागला. तीन महिने माणूस घरी बसला.

दुसऱ्या दिवशी गावात एकच बोलणं होतं, ड्रायव्हरचं चुकलं. वळण बघून हळू घ्यायला नको का, दोर सोडताना बघायला नको का. दोन दिवस मीही हेच बोलत होतो. तिसऱ्या दिवशी त्यांना भेटायला गेलो. मामा मला काहीच बोलले नाहीत. मामींनी चहा ठेवला आणि विचारलं, "भाऊ, त्या वरच्या गोण्या कुणाच्या होत्या?" मला उत्तर देता आलं नाही.

तर मंडळी, माझं म्हणणं एवढंच आहे. गाडीतला माल हलणार की नाही, हे घाटात ठरत नाही. ते खळ्यावर ठरतं. ड्रायव्हर फार तर हळू चालवू शकतो. थप्पी कशी लावायची, किती उंच न्यायची, दोर किती आणि कुठं, हे गाडी भरणारा ठरवतो, आणि गाडी भरताना मालक म्हणून आपण तिथं उभे असतो. म्हणून जबाबदारीतला मोठा वाटा आपला आहे.

आता माल हलतो का, ते बघू. कारण आपल्याकडं एक समज घट्ट आहे: "सोळा टन माल आहे, तो कुठं हलतोय?"

एसटीत उभं राहून प्रवास केलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की आपण पुढं जातो, वळण घेतलं की बाहेरच्या बाजूला जातो. गाडी थांबते, पण अंग आपल्या आधीच्या वेगानं जात राहतं. मालाचंही तेच. गाडी थांबवली ती ब्रेकनं, पण मालाला कुणी थांबवलं? त्याला थांबवायला तीनच गोष्टी असतात. केबिनच्या मागची भिंत, खालच्या थराशी होणारं घर्षण आणि दोर.

यात "जड माल हलत नाही" हे गणित चुकतं. जड मालाचं घर्षण जास्त असतं हे खरं, पण त्याचा धक्काही तेवढ्याच पटीत जास्त असतो. गोण्यांचं एकमेकींशी घर्षण वजनाच्या तीस टक्के धरलं, तर वजनाच्या तीस टक्क्यांपेक्षा मोठा धक्का बसला की माल सरकणार. मग तो एक टन असो की सोळा टन. अर्जंट ब्रेकचा धक्का त्याहून मोठा असतो. ज्यूटचं बारदान एकमेकाला थोडं तरी धरून ठेवतं. आपली प्लॅस्टिकची जाळीदार गोणी घसरते, त्यात पावसानं ओली झालेली असेल तर विचारू नका.

वळणाचं गणितही बघा. समजा, वळणाची त्रिज्या ४० मीटर आहे आणि गाडी ताशी २५ किलोमीटरनं चालली आहे. १६ टन माल बाहेरच्या बाजूला साधारण २ टनांचा रेटा देतो. तेच वळण ४० च्या वेगानं घेतलं तर रेटा होतो ५ टन. वेग दीडपटीच्या थोडा वर गेला, रेटा अडीच पट झाला. वेग दुप्पट केला तर रेटा चौपट होतो.

आणि उंची. ट्रकच्या हौद्याचा तळच आपल्या छातीइतका वर असतो. त्यावर सहा फूट माल. त्याच्या वर माझ्या ४० गोण्या. दोन टन वजन गाडीच्या अगदी डोक्यावर आणि त्याला बाजूची फळी नाही. तळाचे दोन टन आणि डोक्यावरचे दोन टन काट्यावर सारखेच भरतात, रस्त्यावर ते सारखे नसतात.

पुढचा समज: "ताडपत्री घट्ट मारली आहे ना, मग झालं." ताडपत्री पाण्यासाठी असते. ती माल धरत नाही. उलट ती तोंड झाकते आणि आत माल सरकलाय की नाही हे दिसत नाही. माल धरायला वेगळा दोर किंवा रॅचेटचा पट्टा लागतो, आणि तो ताडपत्रीच्या आत, मालावर असावा.

दोर काम कसं करतो हेही समजून घ्या. आडवा टाकलेला दोर माल खाली दाबतो. दाबला की घर्षण वाढतं. म्हणजे दोर ढिला असेल तर तो नसल्यासारखाच. आणि ढिला तो होतोच. कांद्याची गोणी भरल्यावर पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरमध्ये बसते. मधली पोकळी दबते, थप्पी दोन-चार बोटं खाली जाते, दोर तेवढा सैल पडतो. खळ्यावर तारेसारखा वाजणारा दोर नाशिक ओलांडेपर्यंत लोंबायला लागतो. हे कुणाच्या निष्काळजीपणामुळं होत नाही, मालाचा स्वभावच तो आहे. म्हणून वाटेत थांबून दोर परत ओढणं हा गाडी भरण्याचाच भाग आहे.

अमेरिकेत ट्रकसाठी याचा नियमच आहे. निघाल्यावर पहिल्या ५० मैलांच्या आत, म्हणजे ८० किलोमीटरच्या आत, ड्रायव्हरनं थांबून बांधणी तपासायची. त्यानंतर दर १५० मैलांनी किंवा तीन तासांनी परत. तिथलाच दुसरा नियम: बांधणी अशी हवी की मालाच्या वजनाच्या ८० टक्के इतका पुढचा धक्का आणि ५० टक्के इतका बाजूचा धक्का तिनं सोसावा. युरोपातही बांधणीचा हिशेब याच आकड्यांवर करतात. आमच्या १६ टनांना लावून बघा. पुढं १२.८ टन, बाजूला ८ टन. आणि आम्ही टाकले होते तीन दोर, तेही जुने, उन्हानं खाल्लेले.

आता हे ८० किलोमीटर आपल्या रस्त्यावर मोजा. पिंपळगाव बसवंतहून निघालेली गाडी ८० किलोमीटरच्या आत कुठं येते? घोटी-इगतपुरीला, म्हणजे घाटाच्या तोंडाशी. जणू आपल्यासाठीच तो नियम केलाय. घोटीला दहा मिनिटं थांबून दोर ओढला असता, तर वरचा थर सैल झालाय हे मामांच्या हाताला कळलं असतं. पण आम्ही त्यांना सांगितलं होतं, "चारच्या आत वाशीला लागलं पाहिजे, मधे थांबू नका."

कुणी म्हणेल, आता घाटाची भानगड राहिली नाही, समृद्धी झाला. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा झाला, गाड्या तिकडून जातात. चांगलंच आहे, चढउताराची वळणं टळली. पण तिथं ट्रक ऐंशीच्या वेगानं जातो. ऐंशीला पुढच्या गाडीला चुकवण्यासाठी स्टिअरिंगचा एक झटका दिला, तर बाजूचा रेटा घाटातल्या वळणापेक्षा कमी नसतो. रस्ता चांगला झाला म्हणून दोर कमी करायचा नसतो.

आता आपल्याच जिल्ह्यातली एक गंमत सांगतो. माल बांधणं आपल्याला जमत नाही असं नाही. द्राक्षाचा कंटेनर भरताना बघा. पॅलेटच्या चारही कोपऱ्यांना कोपरपट्ट्या, आडव्या पट्ट्या ताणून मारलेल्या, दोन पॅलेटमध्ये फट राहिली तर त्यात हवेची पिशवी फुगवतात. कंटेनरच्या आतल्या लाल रेघेच्या वर एक पेटी जात नाही, कारण वरून थंड हवा फिरायला जागा लागते. दरवाजा लावण्याआधी फोटो काढतात, सील मारतात, सीलचा नंबर लिहून ठेवतात. हे सगळं आपलीच पोरं करतात, निफाड-दिंडोरीच्या पॅकहाउसमध्ये. तेच पोरगं संध्याकाळी गावात येऊन कांद्याच्या गाडीवर तीन दोर टाकतं आणि म्हणतं, "चालतंय."

हा फरक का? कारण द्राक्षात मणीगळ झाली, पेट्या दबल्या, तर परदेशातला खरेदीदार पैसे कापतो. कांद्याच्या गाडीत माल दबला तर "वाटेत खराब झाला" म्हणून आपण सोडून देतो. आणि ड्रायव्हरला लागलं तर "नशीब" म्हणतो. पैसे कापले जातील या भीतीनं आपण व्यवस्थित वागतो. माणसाला लागेल या भीतीनं तसं वागत नाही, हे मला बरोबर वाटत नाही.

नुकसान मालाचंही होतंच. माझ्या त्या गाडीतला कांदा वाशीला पोचला, पण हललेल्या थरातला माल सोलला गेला, मार लागलेला कांदा वेगळा काढावा लागला. चार महिने चाळीत जपलेला माल एका रात्रीत खालच्या भावात गेला. चाळीस गोण्यांचं जे भाडं वाचवलं, ते त्यात कधीच गेलं. मामांच्या तीन महिन्यांचा हिशेब तर मी अजून धरलेलाच नाही.

कायद्याचंही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याचं कलम १९४. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये. माल हौद्याच्या बाजूला, पुढं-मागं किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला तर त्यालाही २०,००० रुपये. जादा माल उतरवायचा खर्च वेगळा. माझ्या दोन टनांचे २४,००० झाले असते. आणि जादा वजनाच्या कलमातले शब्द नीट वाचा. नुसता गाडी चालवणारा नाही, तशी गाडी चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही त्यात येतो. "टाका ना वर" म्हणणारा मी त्यात बसतो की नाही, तुम्हीच सांगा.

२०१८ मध्ये केंद्रानं गाड्यांची वजनमर्यादा वाढवली. दोन आसांच्या ट्रकची १६.२ वरून १८.५ टन, तीन आसांच्या ट्रकची २५ वरून २८.५ टन. तेव्हापासून खळ्यावर कुणीही म्हणतं, "आता चालतं जास्त." भाऊ, ज्या गाडीत भरताय तिच्या आरसी बुकावर काय लिहिलंय ते बघा. आणि वजन बसलं म्हणजे माल बसला असंही नाही. १६ टनही चुकीचे रचले तर सरकतात.

त्या गाडीनंतर आमच्या गटात आम्ही काही गोष्टी ठरवून घेतल्या. एक हंगाम पाळून बघितल्या, म्हणून लिहितो.

१. माल फळीच्या वर जाणार नाही. उरलेल्या गोण्या चाळीत परत जातील. ज्याच्या उरतील त्यानं तोंड पाडायचं नाही, पुढच्या गाडीत त्याचा नंबर पहिला.

२. थप्पी केबिनच्या भिंतीला टेकवून सुरू करायची, मधे फट ठेवायची नाही. फट राहिली तर रिकाम्या गोण्यांची गुंडाळी किंवा भुशाची गोणी ठासून भरायची. माल सरकायला लागतो तो फटीपासून.

३. गोणी रचताना सांधा चुकवायचा, विटांच्या भिंतीसारखा. खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर वरची गोणी. वरचे थर कडेपेक्षा मधे घ्यायचे, म्हणजे थप्पी आतल्या बाजूला झुकते.

४. कॅरेट आणि पुठ्ठ्याच्या पेटीला मात्र उलटं. तिथं कोपऱ्यावर कोपरा यायला हवा. पेटीची ताकद कोपऱ्यात असते. सांधा चुकवला की वरच्या पेटीचा कोपरा खालच्या पेटीच्या मधोमध येतो आणि ती बसते. टोमॅटोचं कॅरेट खालच्या कॅरेटच्या खाचेत बसलंय का ते हातानं दाबून बघायचं. मग प्रत्येक दोन-तीन रांगांना एक पट्टा.

५. दोर तीन नाही. आमच्या २२ फुटी हौद्याला आठ पट्टे, रॅचेटचे. गटाच्या पैशातून एकदाच घेतले, गाडी परत आली की पट्टे परत येतात. कडेच्या गोणीवर पट्टा रुतू नये म्हणून खाली पुठ्ठ्याची किंवा रबराची पट्टी. कापलेला, उन्हानं कडक झालेला दोर त्या दिवशीच फेकायचा, चाळीत परत ठेवायचा नाही.

६. निघण्याआधी चारही बाजूंनी फोटो आणि काट्याची पावती गटाच्या व्हॉट्सॲपवर. फोटो कुणाला अडकवायला नाहीत. फोटो काढायचाय म्हटल्यावर माणूस आपोआप दोर ओढून बघतो.

७. पहिला थांबा नाशिक ओलांडल्यावर, दुसरा घोटीला. दोन्ही ठिकाणी पट्टे परत आवळायचे. या वीस मिनिटांबद्दल ड्रायव्हरला कुणी फोन करून विचारणार नाही.

८. वाटेत भिवंडी-कल्याणला अर्धा माल उतरवला तर उरलेल्याची थप्पी परत लावून परत बांधायची. अर्धी रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त फसवते, कारण मालाला पळायला जागा असते.

९. आणि सगळ्यात महत्त्वाचं. माल सरकलाय असं वाटलं तर झुकलेल्या बाजूचा दोर किंवा फाळका कुणीही सोडायचा नाही. गाडी सपाटीला लावायची, त्या बाजूला माणूस उभा राहू द्यायचा नाही, आम्हाला फोन करायचा. माल दुसऱ्या बाजूनं, वरून एकेक गोणी काढून हलका करायचा. उशीर झाला तर होऊ दे.

यावर लोक काय म्हणतात तेही मला माहीत आहे. पहिलं, "बाजार निघून जाईल." एकदा गेला आमचा, अर्धा तास उशिरा पोचलो. भावात थोडं नुकसान झालं. पण श्रावणातल्या त्या गाडीएवढं नाही. दुसरं, "हमाल ऐकत नाहीत." हमालांशी मी स्वतः बोललो. ते म्हणाले, "आम्हाला गोणीमागं पैसे मिळतात, बांधणीचे मिळत नाहीत." बरोबर आहे त्यांचं. ज्या कामाचे पैसे नाहीत ते काम घाईत होणार. आता आम्ही बांधणीचे वेगळे पैसे देतो आणि बांधणी बघण्यासारखी होते. तिसरं, "हे ड्रायव्हरचं काम आहे." ड्रायव्हरनं तपासावं, हे मान्य. पण तो "वर माल नको" म्हणाला की आपण त्याचं ऐकतो का? ऐकणार नसू तर जबाबदारी त्याच्या गळ्यात घालता येत नाही.

एक खरी अडचणही आहे. ज्याची एकट्याची दहा-वीस गोण्यांची भर असते, त्या बारक्या शेतकऱ्याच्या हातात गाडी भरणं नसतं. बाजार समितीत माल विकला की पुढं व्यापाऱ्याच्या खळ्यावर काय भरलं जातं, हे त्याला दिसतही नाही. म्हणून हे एकट्या शेतकऱ्यावर ढकलून चालणार नाही. बाजार समितीच्या आवारात जसा भुईकाटा असतो, तशी गाडी बांधायला एक छपराखालची जागा आणि बांधणी बघणारा एक माणूस असावा, असं माझं मत आहे. बिल्टीवर मालाचं वजन लिहितात, तसं गाडी कुणी भरली, कुणी बांधली हेही लिहावं. नाव लिहायचं म्हटलं की हात नीट चालतो.

आमच्या पानावर कृषी खात्यातले आणि विज्ञान केंद्रातले साहेब लोकही वाचतात, त्यांनाही एक विनंती. काढणीपश्चात हाताळणीची प्रशिक्षणं मी चार-पाच केली असतील. प्रतवारी, सुकवणी, साठवण, पॅकिंग, सगळं शिकवतात. शेवटची स्लाइड पॅकहाउसच्या दारात संपते. दारापासून बाजारापर्यंत माल ट्रकमध्ये असतो, त्यावर एक तास कुणी बोलत नाही. तो एक तास घाला. एक गाडी उभी करा, दहा पट्टे आणा, चाळीस पोरांकडून थप्पी लावून घ्या. चिठ्ठी-पुस्तकापेक्षा ते जास्त लक्षात राहील.

मामा दिवाळीनंतर परत गाडीवर आले. खांदा अजून थंडीत दुखतो म्हणतात. या हंगामातली आमची पहिली गाडी त्यांनीच नेली. माल फळीला लागला तेव्हा खाली अकरा गोण्या उरल्या होत्या, या वेळी चुलतभावाच्या. तो माझ्याकडं बघायला लागला. मी काही बोललो नाही, मामांकडं बघितलं. ते म्हणाले, "राहू द्या भाऊ, पुढच्या गाडीला बघू." अकरा गोण्या चाळीत परत गेल्या. मग मी आणि मामांनी मिळून आठही पट्टे आवळले, घोटीहून त्यांचा फोन आला, "दोन पट्टे सैल झाले होते, ओढले."

तुमच्याकडं गाडी कशी बांधतात ते खाली लिहा. विशेषतः कोण किती पट्टे वापरतं आणि हमालांना बांधणीचे काय देतं, हे कळलं तर आम्हालाही सुधारता येईल. ड्रायव्हर मंडळी कुणी वाचत असतील तर त्यांनी आधी लिहावं. आणि मी वर काही चुकीचं लिहिलं असेल तर बिनधास्त सांगा.